सतरा येऊच शकत नाहीत

आधी माफी मागतो. गणित सोपं करून सांगायचं काम ज्यांना ते नीट कळलं आहे त्यांचं. मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि त्यातलेही दोन पेपर जेमतेम सुटले आहेत. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिलेलं बरोबर आहे की चूक, हे कोणाला दाखवून घ्यायची घरात सोय नाही. पुस्तकात छापावं असं माझ्याजवळ काही आहे याची मला अजूनही खात्री वाटत नाही. तरी लिहितो आहे, कारण यातलं निम्मं बाबांचं आहे आणि ते स्वतः कधी लिहिणार नाहीत. कुठे चुकलं तर मी चुकलो असं समजावं. गणिताचा त्यात दोष नाही.

सुरुवात एका वहीपासून झाली. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्या सहामाहीत एक वेगळंच काम दिलं होतं. वर्गात शिकलेलं एक प्रमेय प्रत्येकानं घरी जाऊन गणिताशी संबंध नसलेल्या माणसाला सांगायचं. "तुम्ही काय सांगितलं ते मला नको," त्या म्हणाल्या, "ते मला माहीत आहे. समोरच्यानं काय विचारलं तेवढंच लिहून आणा."

मी कोरी वही घेऊन बाबांसमोर बसलो. बाबा कचऱ्याची गाडी चालवतात. हुडकेश्वरकडच्या दोन लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्त्यांमध्ये, ते रोज सकाळी भोंग्यावर तेच एक गाणं वाजवत गल्लीगल्लीतून फिरतात. दुपारी सक्करदऱ्याला घरी येतात, अंघोळ करतात, जेवतात, आणि मग तासभर कोणाशी बोलत नाहीत. तो तास सरेपर्यंत मी थांबलो.

"कोणतं गणित शिकून राहिला तू आता?" त्यांनीच विचारलं.

"अमूर्त."

"म्हणजे कशाचं?"

"कशाचंच नाही, बाबा. त्यात वस्तू नसतात. नुसते नियम असतात."

"कशाचंच नाही तं मंग शिकवते काहून?"

हा प्रश्न मी वहीत उतरवला आणि खाली उत्तरासाठी चार ओळी सोडल्या. आई आतून म्हणाली, "पोरगं पाह्य कसं लिहून घेऊन राहिलं. जसा काही पोलीसच जबाब घेते."

मी निवडलेलं प्रमेय ठिपक्यांचं आणि रेषांचं होतं. गणिताच्या त्या शाखेत ठिपके असतात आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा असतात, बाकी काही नाही. ठिपका केवढा, रेषा सरळ की वाकडी, लांब की आखूड, हे विचारायचं नसतं. कोण कोणाला जोडलेलं आहे तेवढंच पाहायचं. मी वहीवर दहा-बारा ठिपके काढले, रेषा ओढल्या आणि विचारलं, की प्रत्येक रेषेवरून एकदाच जायचं, एकही सोडायची नाही, एकही पुन्हा घ्यायची नाही आणि जिथून निघालो तिथेच परत यायचं, हे जमेल का?

बाबांनी वही फिरवून उलटी केली, मग सुलटी केली.

"हे कोणतं लेआउट होय?"

"कोणतंच नाही. नुसती आकृती आहे."

"लेआउटच तं दिसून राहिलं."

हाही प्रश्न मी लिहून घेतला. खरं सांगायचं तर त्या क्षणापर्यंत माझ्या मनात गल्ली हा शब्द आलाच नव्हता. दोन महिने मी ते प्रमेय वाचत होतो, आणि सात वर्षं बाबा रोज सकाळी त्याच्यावरून गाडी चालवत होते.

त्याच आठवड्यात बाबा हजेरीच्या शेडवरून उतरलेल्या चेहऱ्यानं आले. गाडीत एक यंत्र बसवलेलं असतं. गाडी कुठे कुठे गेली त्याची रेघ सुपरवायझरच्या मोबाइलवर उमटते. नवीन सुपरवायझर वयानं माझ्याहून फार मोठा नव्हता. त्यानं सगळ्यांसमोर बाबांना मोबाइल दाखवला होता. नऊ गल्ल्यांत रेघ जाड होती, म्हणजे त्यांतून गाडी रोज दोनदा जात होती. प्रत्येक गल्ली एकदा झाली की पुरे, उरलेलं फिरणं कशासाठी, असं त्यानं विचारलं. महिनाअखेरपर्यंत फेरी सरळ झाली नाही तर गाडी दुसऱ्याला मिळेल आणि बाबांना यार्डात भरणीवर जावं लागेल.

भरणी म्हणजे दिवसभर ओझी उचलणं. बाबा दोन वर्षांपासून कमरेला पट्टा बांधतात. आईनं ताट वाढता वाढता विचारलं, "तुम्ही सांगतलं नाही कमरेचं?"

"कमरेचं सांगतलं तं गाडी बी जाईन अन् भरणी बी."

मला वाटलं, इथे माझं काम आहे. आयुष्यात पहिल्यांदाच तसं वाटलं, म्हणून घाईही झाली. दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी हुडकेश्वरला गेलो. दोन्ही लेआउटच्या तोंडाशी लोखंडी फलक उभे आहेत. प्लॉट विकायला काढले त्या वेळचे नकाशे त्यांवर रंगवलेले आहेत. मी दोन्हींचे फोटो काढले आणि घरी येऊन कागदावर एकाला एक जोडून गल्ल्या उतरवल्या. मेन रोड सोडून दिला. गाडी ज्या चौकातून आत शिरते आणि जिथून बाहेर पडते, तिथून सुरुवात धरली. पहिल्या लेआउटची एक गल्ली हद्दीपर्यंत येऊन थांबत होती, आणि तिच्या बरोबर समोर दुसऱ्या लेआउटमध्ये एक टी पॉइंट होता. दोन्ही समोरासमोर, म्हणजे मिळालेच असणार. मी पेन्सिलीनं जोडून टाकले आणि त्या टी पॉइंटचा चौक झाला.

संध्याकाळी मी बाबांना समजावायला बसलो. चौकात चार रस्ते असतात, एका रस्त्यानं आत आलो की दुसऱ्यानं बाहेर पडतो, तिसऱ्यानं आलो की चौथ्यानं जातो. टी पॉइंटवर तीनच असतात. एकानं आलो, दुसऱ्यानं गेलो, तिसऱ्यानं आलो आणि अडकलो. वापरलेल्याच एखाद्या रस्त्यानं पुन्हा जावं लागतं. हे सगळं मी शिरोबिंदू, कोटी, विषम असे शब्द घालून सांगत होतो. बाबा मान हलवत होते, पण ती मान कशी हलते ते मला माहीत आहे. डॉक्टरसमोर हलते तशी.

आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, "म्हणजे चपला मोजाच्या. दारात चार असल्या तं दोन जोड. तीन असल्या तं एक एकटी."

मी पेन्सिल खाली ठेवली.

"असंच हाय ना?"

असंच होतं. माझी तीन पानं तिच्या एका वाक्यात बसली होती. पुढचं मग चपलांनीच सांगितलं: रस्ते जिथे मिळतात ते दार, आणि तिथे येणारा प्रत्येक रस्ता म्हणजे एक चप्पल. एखादी गल्ली दुसऱ्यांदा घेतली की तिच्या दोन्ही टोकांना एकेक चप्पल वाढते. म्हणजे एका जादा फेरीनं फार तर दोन टी पॉइंटच्या एकट्या चपलांना जोड मिळतो. नकाशात सोळा टी पॉइंट होते. सोळा एकट्या चपलांना कमीत कमी आठ फेऱ्या जादा लागणारच, मग गाडी कोणीही चालवो.

"आठ," बाबा म्हणाले.

"हो. सुपरवायझरचं म्हणणं चूक आहे. प्रत्येक गल्ली एकदाच, हे शक्यच नाही."

"अन् मी नऊ करतो."

मी कागदावरचे टी पॉइंट पुन्हा मोजले. सोळाच.

"म्हणजे एक जास्त. कोणती?"

"ते यातून कळत नाही."

"सुपरवायझर म्हणते नऊ जास्त, तू म्हणतं एक जास्त. माह्यासाठी फरक काय झाला मंग?"

ते उठून बाहेर जाऊन बसले. वहीत मी तो प्रश्न लिहिला नाही. बाबांच्या बाजूनं बोलायला निघालेला मी, त्यांच्याविरुद्ध कागद तयार करून बसलो होतो. आणि कागद बरोबर आहे याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती, हे जास्त वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, त्यांचा न बोलण्याचा तासही न घेता, बाबांनी आईला फल्ली मागितली. शेंगदाण्यांना आम्ही फल्ली म्हणतो. ताटात मूठभर दाणे ओतून ते मांडी घालून बसले आणि डोळे मिटून गाडी चालवू लागले. हात हवेत स्टिअरिंगवर होते. वळण आलं की हात वळायचे, टी पॉइंट आला की डोळे न उघडता एक दाणा बाजूला सरकायचा. आई आणि मी दारात उभे राहून पाहत होतो. एवढ्या वर्षांत मी त्यांना त्यांचं काम करताना पाहिलंच नव्हतं, आणि पाहिलं ते असं, घरात, गाडीशिवाय.

त्यांनी दाणे मोजले. "सतरा."

"सतरा येऊच शकत नाहीत, बाबा."

"काहून? तू गेला होता गल्लीगल्लीत?"

"नाही."

"मी सात वर्षं झाले जाऊन राहिलो." त्यांनी पुन्हा डोळे मिटले, पुन्हा पूर्ण फेरी मारली. "सतरा."

आईनं वाकून ताटातला एक दाणा उचलला आणि तोंडात टाकला. "घ्या, झाले सोळा. आता भांडू नका."

बाबा हसले नाहीत. मलाही हसता आलं नाही, कारण मला खरंच कळत नव्हतं. बाबा चुकत नाहीत हे मला समोर दिसत होतं. प्रमेय चुकत नाही हे मला माहीत होतं. मी हळूहळू सांगितलं. प्रत्येक गल्ली आपल्या दोन टोकांना एकेक चप्पल ठेवते. म्हणजे सगळ्या ठिकाणच्या चपला मिळून गल्ल्यांच्या दुप्पट, नेहमी जोडीत. चौकांच्या चपला जोडीत असतात, त्या बाजूला काढल्या. उरतात त्या टी पॉइंटच्या. ती ठिकाणं सतरा असली आणि प्रत्येकात एक एकटी, तर एकूण हिशेबात एक चप्पल जोडाशिवाय उरेल. तसं होऊ शकत नाही. जगातल्या कोणत्याही लेआउटमध्ये नाही.

"कोणत्याच नाही?"

"कोणत्याच नाही. आपल्या गावच्या पांदणींत नाही, आणि अजून जे लेआउट पडलंच नाही त्यातही नाही."

आमचं गाव कुहीकडे आहे. धानाच्या बांध्यांमधून तिथे पांदणी, म्हणजे गाडीवाटा, जातात. बाबा थोडा वेळ बहुधा तिथे फिरून आले. मग म्हणाले, "म्हणजे तुह्या म्हणण्यानं मी एक जास्त मोजला."

"किंवा एक मोजायचा राहिला."

हे मी नुसतं नियम म्हणून बोललो होतो. पण बाबांनी तिसऱ्यांदा डोळे मिटले. या वेळी त्यांनी दाण्यांना हात लावला नाही. गाडी सावकाश चालली होती. एका ठिकाणी ते थांबले, मान मागे वळवली, आणि डावा हात गिअर ओढल्यासारखा मागे आला.

"भिंत," ते म्हणाले.

"कोणती भिंत?"

"रिव्हर्सची गल्ली. दोन लेआउटवाल्यांचं पटलं नाही, त्याईनं मधात भिंत घातली. वळवाले जागा नाही, म्हणून मी गाडी उलटी आत घालतो अन् सरळ बाहेर काढतो." ते माझ्याकडे पाहू लागले. "पण तिथं टी पॉइंट नाही. तिथं चौकच नाही. तिथं काहीच नाही. भिंत हाय."

"तिथे किती चपला?"

"एक," बाबा म्हणाले, आणि थांबले. "एकटी."

पेन्सिलीनं मी जोडलेली गल्ली हीच होती. आम्ही त्याच दुपारी गाडीवर बसून, म्हणजे त्यांच्या जुन्या स्कूटरवर, ती पाहायला गेलो. बाबांना गरज नव्हती. मला होती. गल्ली घरांमधून नीट पुढे जात होती आणि शेवटी छातीएवढी विटांची भिंत आडवी उभी होती. तिच्यावर कोणीतरी उशा वाळत घातल्या होत्या. पलीकडे दुसऱ्या लेआउटचा टी पॉइंट स्पष्ट दिसत होता. भिंत असल्यामुळे तो टी पॉइंटच राहिला होता. चौक फक्त माझ्या कागदावर झाला होता.

भिंतीजवळच्या घरातली बाई बाहेर आली. "आज गाडी नाही आणली जी? बिना गाण्याचे आले?"

"पोराले भिंत पाहाची होती."

"भिंतीत काय पाहाचं हाय?"

"कॉलेजात हाय ना तो," बाबा म्हणाले. एवढ्यानं तिचं समाधान झालं.

मी भिंतीला हात लावला. आता हे सांगायला संकोच वाटतो, पण लावला. फलकांवरचे नकाशे पाहून मला सोळा मिळाले होते. सात वर्षं फिरून बाबांना सतरा मिळाले होते. दोघंही चुकलो होतो, आणि जे इथे कधी आलंच नव्हतं त्या प्रमेयानं घरात बसून सांगितलं होतं की अजून एक आहे, शोधा. कुठे आहे ते मात्र त्याला सांगता आलं नाही. ते बाबांच्या डाव्या हातानं सांगितलं. त्या चार कोऱ्या ओळींत लिहायला मला अजून नीट वाक्य सुचलेलं नाही, पण कशाचंच नसलेलं गणित का शिकवतात, त्याचं उत्तर त्या भिंतीच्या आसपास कुठेतरी आहे असं मला वाटतं.

परत येताना बाबा स्कूटर चालवता चालवता म्हणाले, "अठरा. म्हणजे नऊ."

"हो."

"म्हणजे एकही जास्त नाही."

"एकही नाही. याच्यापेक्षा कमी कोणालाच जमणार नाही."

घराजवळच्या वळणाला त्यांनी उगाचच हॉर्न वाजवला.

आता सुपरवायझरला सांगायचं होतं. मी कागद स्वच्छ उतरवला आणि सकाळी बाबांबरोबर हजेरीच्या शेडमध्ये गेलो. बाहेर गाड्या उभ्या होत्या, चालक चहा पीत होते. मी सुपरवायझरला नमस्कार केला आणि जे करू नये ते पहिल्यांदा केलं. म्हणालो, "सर, हा एक ग्राफ आहे."

"ग्राफ?" त्यानं कागद पाहिला. "ग्राफ तर वर-खाली जातो ना भाऊ. हा काय गोळ्यांचा ग्राफ?"

मागून कोणीतरी हसलं. मी विषम कोटीचे शिरोबिंदू म्हणालो आणि त्याची मान डॉक्टरसमोर हलते तशी हलू लागली. तेव्हा मला आई आठवली. शेडच्या दाराशी चपलांचा ढीग होता. मी तीन उचलल्या आणि जमिनीवर मांडल्या.

"आता एम.एस्सी.वाले चपला मोजणार," एक चालक म्हणाला.

"त्यातली डावी माह्यी होय, सांभाळून," दुसरा म्हणाला.

पण ते जवळ आले. मी टी पॉइंट मांडला, चौक मांडला, गल्ली दुसऱ्यांदा घेतली की दोन टोकांना काय होतं ते मांडलं. चपला कमी पडल्या तेव्हा डावीवाल्यानं पायातली उजवीही काढून दिली. शेवटी मी अठरावी, एकटी चप्पल शेडच्या भिंतीला टेकवून ठेवली आणि रिव्हर्सची गल्ली सांगितली. सुपरवायझर उकिडवा बसला होता. त्यानं मोबाइलमधली जाड रेघ काढली आणि गल्ल्या मोजल्या. एक, दोन, असं नऊपर्यंत. भिंतीच्या गल्लीवर त्यानं बोट थोडं जास्त वेळ ठेवलं.

"कागद दे," तो उठत म्हणाला. "वर दाखवतो. मी एकट्यानं ठरवत नाही."

"महिनाअखेर—"

"बोललो ना, दाखवतो."

महिनाअखेर आली आणि गेली. बाबा रोज सकाळी जात होते, गाडी होती, म्हणून आम्ही काही विचारत नव्हतो. पुढच्या महिन्यात एक नवीन चालक दोन दिवस त्यांच्या शेजारी बसून फेरी पाहून गेला. त्यावर बाबा इतकंच म्हणाले, "गल्ल्या पाठ करून राहिला तो." आईनं त्या दिवशी कमरेचा पट्टा धुऊन वाळत घातला. मी वही मॅडमना दिली. त्यांनी चपलांच्या पानावर फक्त 'पुढे?' असं लिहून परत केली. पुढे काय ते मलाही माहीत नव्हतं.

एका सकाळी तास सुटल्यावर मी वऱ्हांड्यात आलो तर मोबाइलवर बाबांचा आवाज येऊन पडला होता. त्यांना टाइप करायला आवडत नाही, ते बोलून पाठवतात. आणि त्यांची पद्धत अशी की मुख्य गोष्ट शेवटी. मी खांबाला टेकून कानाला लावला. मागे भोंग्यावर ते गाणं वाजत होतं.

"ऐकून राहिला काय? सुपरवायझर आला होता आज माह्या गाडीपाशी. त्यानं दुसऱ्या बीटच्या चपला मोजल्या म्हणे. तो नवीन पोरगा ज्या गल्ल्याईत गाडी फिरवते ना, त्या बीटच्या. तो पोरगा दोन दिवस माह्यासंग बसला ना, तो मोजाचं कसं ते शिकाले बसला होता, आता समजलं. तं सुपरवायझर म्हणते, काका, एकट्या एकवीस आल्या. मी म्हटलं, एकवीस येऊच शकत नाही साहेब, कोणत्याच लेआउटमदी नाही. म्हणते, दोनदा मोजल्या. मी म्हटलं, तीनदा मोजा. एक राहिली हाय तुमची, भिंत पाहा, कुठं नाली खोदून ठेवली असन ते पाहा. तं गेला तो पाहाले."

इथे थोडा वेळ नुसतंच गाणं वाजलं. कोणा बाईनं दिलेली बादली रिकामी केल्याचा आवाज आला.

"अन् हौ, वरून कागद आला त्याच्यापाशी. गाडी आपल्याचकडे राहिली. आईले सांगतलं मी."